भाकर आणि तेल

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला लागून एक लांबट खोली आहे. पूर्वी तीत मोडकी बाके आणि नाताळच्या गोठ्याचे सामान पडून असे. सुमारे 12 वर्षांपूर्वी आम्ही ती रिकामी करून घेतली, दिवे व पंखे बसविले आणि परिसरातील मुलामुलींसाठी अभ्यासिका म्हणून खुली केली. येणाऱ्याची जात, धर्म वा भाषा विचारावयाची नाही, हे प्रारंभीच ठरले होते. नियम एकच होता आणि तो आम्ही स्वतःच्या हाताने रंगवून दारावर टांगला होता: ‘शांतता राखा. आपसांत बोलू नये.’

त्या पाटीविषयीच आज लिहावयाचे आहे. ती टांगताना आमच्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता. उतरविताना मात्र पुष्कळ विचार करावा लागला.

आमची घडण सेमिनरीतली. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तेथे मौन पाळले जाई आणि अभ्यासाच्या तासाला शेजाऱ्याकडे पेन्सिल मागणेही अनुचित समजले जाई. त्या मौनाचे ऋण आम्ही आजही मानतो. एखादे अवघड प्रकरण उलगडेपर्यंत त्याच्याशी एकट्याने झुंजावे, कोणी सोडवून देणार नाही हे ठाऊक असताना झुंजावे, ही सवय आम्हांला तेथे लागली. जे आपल्या हिताचे ठरले ते सर्वांच्याच हिताचे असणार, असे माणूस सहज गृहीत धरतो. आम्हीही धरले.

परंतु सोलापूर म्हणजे सेमिनरी नव्हे. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या विणकरांची वस्ती आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथे माग मांडले आणि मागाबरोबर आपली भाषाही आणली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडच्या मोहल्ल्यात उर्दू, अशा चार भाषांच्या संगमावर येथील मूल वाढते. एका खोलीत पाचसहा माणसे; कोठे भिंतीपलीकडे यंत्रमागाची खडखड, तर कोठे उंबऱ्यात विड्या वळणाऱ्या बायकांची वर्दळ. अशा घरात ‘स्वतंत्र अभ्यास’ हा शब्दच परका वाटतो. एकांत ही सुखवस्तू माणसाची मिळकत आहे. ज्याच्या घरात दुसरी खोली आहे त्याला ती लाभते. म्हणून तर आम्ही अभ्यासिका काढली. एकांत नाही ना, तर आम्ही देतो, असा आमचा सरळ हिशेब होता.

प्रारंभी येणाऱ्यांत नववीच्या चार मुली होत्या. चौघी एकाच बाकावर बसत आणि सारखी कुजबुज करीत. आम्ही दोनदा पाटीकडे बोट दाखविले, तिसऱ्यांदा चौघींना चार कोपऱ्यांत बसविले. पंधरवड्यात त्या येईनाशा झाल्या. पुढे एका संध्याकाळी वस्तीत जाताना त्यांच्यातली एक दिसली. मांडीवर सूप घेऊन ती आईबरोबर विड्या वळीत होती. “का गं, येत नाहीस?” असे आम्ही विचारले. मान वर न करता ती म्हणाली, “फादर, पुस्तक मराठीत आहे. ती दुसरी वाचते आणि तेलुगूत सांगते, मग मला समजतं. न बोलता मला कसं समजणार?”

आम्ही तिला काय उत्तर दिले, ते लिहिताना संकोच होतो. “आधी आपलं आपण वाचायची सवय लाव, बाळ,” असे सांगून आम्ही पुढे गेलो. पुढच्या वर्षी ती दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत अनुत्तीर्ण झाली आणि पुन्हा परीक्षेला बसली नाही. सारा दोष आमच्या पाटीचा होता असे म्हणणे हा उलट्या दिशेचा अहंकार ठरेल. गरिबीला आमच्या पाटीची गरज नव्हती. तरीही त्या चौघी जिला कुजबुज म्हणत होत्या तो गोंगाट नव्हता, ते भाषांतर होते, आणि ते आम्ही बंद पाडले, एवढे खरे आहे.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. विद्या ही एकट्याने कमवावयाची वस्तू आहे की मिळून? आणि मिळून कमावली, तर तीत माझे किती आणि दुसऱ्याचे किती?

एका जुन्या संस्कृत सुभाषिताने हा हिशेब मोठ्या मार्मिकपणे मांडला आहे. विद्यार्थ्याला विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, एक चतुर्थांश स्वतःच्या बुद्धीने, एक चतुर्थांश सहाध्यायांकडून आणि उरलेला चौथा काळाच्या ओघात, असे ते सांगते. शाळेने पहिला भाग आपल्याकडे घेतला, आमच्या पाटीने दुसऱ्याचा कैवार घेतला, चौथा तर कोणाच्याच हाती नाही. तिसऱ्या भागाला मात्र आम्ही दारातूनच परत पाठविले होते.

वास्तविक हा तिसरा भाग आपल्या मातीला अपरिचित नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुले धाकट्यांना धुळाक्षरे गिरवायला शिकवीत. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी 18व्या शतकाच्या अखेरीस तेथील देशी शाळेत वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहिली आणि मुलांनीच मुलांना शिकविण्याची पद्धत आपल्या अनाथालयात रुजविली. 1797 साली त्यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडभर पसरली. म्हणजे एकेकाळी गरिबांच्या शिक्षणाची रीत पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली होती.

आमच्या परंपरेतही निव्वळ मौन नव्हते, हे आम्ही सोयीने विसरलो होतो. येशूसंघीयांनी 1599 साली आपल्या विद्यालयांसाठी जी अभ्याससंहिता निश्चित केली, तीत वर्गातील विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीवर एक विद्यार्थी-प्रमुख नेमण्याची व्यवस्था होती; तो इतरांचे पाठ ऐकून घेई. मध्ययुगीन विद्यापीठांत वादविवाद हाच अध्ययनाचा मोठा भाग होता. यहुदी परंपरेत तर धर्मशास्त्राचा अभ्यास दोघादोघांच्या जोडीने करतात. एकाने अर्थ लावावा, दुसऱ्याने तो खोडावा आणि त्या घर्षणातून उजेड पडावा. बाल येशू मंदिरात सापडला तेव्हा तोही कोठे एकांतात पोथी वाचीत नव्हता. गुरुजनांमध्ये बसून तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता.

याच सुमारास आमच्या वाचनात एका अमेरिकन गणितज्ञाचा प्रयोग आला. यूरी ट्राइसमन हे त्यांचे नाव. 1970च्या दशकात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत होते. तेथे कलनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मागे पडत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी मोठ्या प्रमाणात यशस्वी होत. कारण विचारता प्राध्यापक सांगत: जिद्द नाही, पूर्वतयारी नाही, घरचे पाठबळ नाही, पैसा नाही. ट्राइसमन यांनी या तर्कांवर विसंबून न राहता दोन्ही समाजांतले 20-20 विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात कसा अभ्यास करतात हे त्यांच्या सहवासात राहून पाहिले. एकही तर्क टिकला नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, त्यांच्या घरच्यांनी त्यांना शिक्षणासाठी वाहिलेले होते. फरक वेगळाच होता. 20 पैकी 18 जण वर्गमित्रांबरोबर कधीच अभ्यास करीत नसत. चिनी विद्यार्थी आधी आपापली गणिते सोडवीत, मग संध्याकाळी एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत, एकमेकांचे इंग्रजीसुद्धा सुधारीत. त्यामुळे आपण कोठे उभे आहोत हे त्यांना कळे. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मात्र वाटे की, हे गणित केवळ आपल्यालाच सुटत नाही.

यातली सर्वांत करुण गोष्ट अशी की, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा हा एकटेपणा हा त्यांचा दुर्गुण नव्हता. गरीब वस्तीतल्या शाळेत, अभ्यासाची टवाळी करणाऱ्यांपासून दूर राहून, स्वतःच्या बळावर ते तेथवर पोहोचले होते. ज्या गुणाने त्यांना विद्यापीठाच्या दारापर्यंत आणले, तोच आत गेल्यावर त्यांच्या पायात आला. ट्राइसमन यांनी पुढे त्यांना सोप्या शिकवणीऐवजी अधिक कठीण गणिते दिली, मात्र ती गटाने सोडवावयास लावली; आणि त्या मुलांचे निकाल पालटले.

हे वाचले त्या आठवड्यात आम्ही पाटी उतरविली. येथे हा लेख संपविता आला असता तर किती बरे झाले असते!

पाटी गेली आणि अभ्यासिकेचा बाजार झाला. पण गोंगाटापेक्षाही दुसरी एक गोष्ट आमच्या ध्यानी उशिरा आली. गट म्हणजे एकमेकांना शिकविणारी मंडळी, अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात एक सोडवी आणि चौघे उतरवून घेत. तो एक म्हणजे दहावीतला एक हुशार मुलगा. वडील नाहीत, आई टॉवेलच्या कारखान्यात कामाला. एके दिवशी ती माउली कामावरून परस्पर आमच्याकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, “फादर, माझ्या पोराचा वेळ तुम्ही सगळ्यांना वाटून दिलात. त्याला काय उरलं?”

आम्ही तिला नेहमीचे सांगितले: विद्या दिल्याने कमी होत नाही, उलट वाढते. तिने ऐकून घेतले आणि म्हटले, “विद्या वाढत असेल, फादर. वेळ वाढतो का?”

या प्रश्नाला आमच्या सेमिनरीतल्या नीतिशास्त्रात तयार उत्तर नव्हते. बाई खरे बोलत होती. विद्या वाटल्याने घटत नाही, पण वाटण्यासाठी लागणारा वेळ घटतो, आणि गरिबाच्या मुलापाशी तेवढेच एक भांडवल असते. परोपकाराचा उपदेश आपण ज्याच्यापाशी आहे त्याला करतो, पण त्या ‘आहे’चे मोजमाप करीत नाही.

तशात आणखी एक प्रसंग घडला. आमच्या ओळखीचा एक तरुण शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकावयास गेला होता. तेथे एका मित्राला त्याने आपला सोडविलेला गृहपाठ दिला. मित्राने तो जसाच्या तसा उतरविला आणि दोघांनाही चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. त्याने फोनवर रडकुंडीला येऊन आम्हांला विचारले, “फादर, मी मदत केली. चोरी कुठे केली?” सोलापुरात ज्या कृतीला मैत्री म्हणतात, तिलाच तेथे अप्रामाणिकपणा म्हणतात, तेथला विद्यार्थी वही झाकतो तेव्हा इकडे त्याला आप्पलपोटा म्हणतील. मग पाप म्हणजे केवळ देशोदेशीची रीत काय?

आम्हांला तसे वाटत नाही. उतरवून दिलेल्या गृहपाठात फसवणूक कोणाची होते, हा प्रश्न विचारावा. शिक्षकाची होते ती अल्प. खरी फसवणूक त्या तिसऱ्या माणसाची, जो अजून चित्रात आलेलाच नाही. उद्या ही मुलगी परिचारिका होईल आणि औषधाची मात्रा मोजील. तो मुलगा अभियंता होईल आणि पुलाचा हिशेब करील. प्रमाणपत्रावरचे नाव पाहून रुग्ण आणि वाटसरू त्यांच्यावर विश्वास टाकतील. जे मला येत नाही ते येते, असे माझ्या नावाने लिहून देणे ही त्या अनोळखी माणसापुढे दिलेली खोटी साक्ष होय. परीक्षेतल्या कॉपीला आपल्याकडे कोणी मनापासून पाप मानीत नाही. सरकारला ‘कॉपीमुक्त अभियान’ राबवावे लागते. गणिताचे उत्तर आता मोबाईलसुद्धा क्षणात तयार करून देतो. तेव्हा मूल एकटेही नसते आणि संगतीतही नसते. ते केवळ रिकामे असते.

गटाविषयी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गट म्हटला की कुंपण आलेच. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव आंबेडकरांना बसावयास स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे, कारण वर्गाच्या जाजमावर त्यांना स्थान नव्हते. त्यांचे एकट्याने शिकणे ही आवड नव्हती, ती शिक्षा होती. पुढे न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत त्यांनी त्या शिक्षेचे शस्त्र केले, हे त्यांचे तेज. परंतु एकट्याने शिकण्याची थोरवी गाताना ते गोणपाट आपण विसरू नये. त्याच साताऱ्यात 1924 साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहावयास, शिजवावयास, जेवावयास आणि शिकावयास लावले. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या. सहअध्ययन हे सद्गुण ठरते की दुर्गुण, हे त्या जाजमावर कोणाला बसू दिले जाते यावरून ठरते. आमच्या अभ्यासिकेतही पाटी उतरल्यावर जे गट पडले, ते बहुतेक भाषेचे आणि गल्लीचेच होते.

अशा विवंचनेत असताना आम्हांला शुभवर्तमानातील दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसू लागल्या. एका ठिकाणी एक मुलगा पाच भाकरी देतो आणि हजारो माणसे तृप्त होतात. दुसऱ्या ठिकाणी, दहा कुमारींच्या दाखल्यात, पाच शहाण्या कुमारी आपल्या दिव्यातले तेल सखींना देण्यास नकार देतात आणि प्रभू त्यांनाच शहाण्या म्हणतो. पूर्वी प्रवचनात या दाखल्यापाशी आलो की आम्ही थोडे अडखळत असू. त्या नकारात कठोरपणा भासे. आता वाटते की, दोन्ही गोष्टी मिळून एक सत्य सांगतात. जीवनात काही भाकर असते आणि काही तेल. भाकर वाटता येते, वाटलीच पाहिजे. तेल मात्र ज्याचे त्याने आणावयाचे असते. ते उसने देता येत नाही, कारण उसने घेतल्यावर ते तेल राहतच नाही.

विद्येतही असेच आहे. पुस्तक, टिपणे, शब्दाचा अर्थ, वाट चुकलेल्याला ‘येथून वळ’ असे सांगणे, मराठी ओळीचे तेलुगूत केलेले रूप, ‘मलाही हे सुटत नव्हते’ असा धीर, ही सारी भाकर आहे. ती झाकून ठेवणारा विद्यार्थी कितीही गुण मिळवो, तो दरिद्री आहे. परंतु समजण्याचा तो क्षण, डोक्यात दिवा लागण्याचा, तो तेल आहे. तो कोणी कोणाला देऊ शकत नाही. जो आपली वही उतरवावयास देतो तो तेल दिल्याचा आभास निर्माण करतो, आणि वराच्या आगमनाच्या वेळी मित्राला अंधारात उभे करतो. आमच्या पाटीचा अपराध हा की तिने भाकरही वाटू दिली नाही. पाटी उतरविण्यातला अपराध हा की तेल वाटता येते, असा मुलांचा समज आम्ही होऊ दिला.

हे ध्यानी आल्यावर अभ्यासिकेची घडी नव्याने बसविली. आत खोलीत मौन आणि बाहेर ओसरीवर बोलणे. प्रथम प्रत्येकाने आत बसून प्रश्नाशी एकट्याने झगडावे. मग ओसरीवर येऊन चौघांत मांडावे, भांडावे, कोणत्याही भाषेत समजावून द्यावे घ्यावे. आणि शेवटी पुन्हा आत जाऊन, वह्यापुस्तके मिटून, उत्तर आपल्या शब्दांत लिहावे. ओसरीवरचे गट आम्ही पाडतो आणि दर महिन्याला बदलतो, म्हणजे गल्ली गल्लीशी चिकटून राहत नाही. याने सारे प्रश्न सुटले असे नाही. काही मुले आत येतात ती झोप काढण्यासाठी.

राहिला त्या माउलीचा प्रश्न. तो आम्ही मुलांपुढेच ठेवला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते, आणि आले की घरातले एक माणूस त्यात गुंतून पडते. त्या घरात ते माणूस म्हणजे तोच मुलगा होता. त्याच्याकडून शिकणाऱ्या चौघांनी आपसांत ठरविले की, पाण्याच्या दिवशी त्याच्या घरचे पाणी आळीपाळीने आपण भरावयाचे. त्याने त्यांना वेळ दिला होता. त्यांनी तो घागरींनी परत केला. हा तोडगा आम्हांला सुचला नव्हता, आणि सुचला असता तरी तो सांगण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. ती बाई त्यानंतर पुन्हा तक्रार घेऊन आली नाही. तिचे समाधान झाले की नाही हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

विड्या वळणारी ती मुलगी मात्र परत आली नाही. तिचे लग्न झाले, ती दुसऱ्या वस्तीत राहावयास गेली. गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण अभ्यासिकेत येऊ लागली. एका संध्याकाळी ओसरीवरून जाताना आम्हांला तिचा आवाज ऐकू आला. विज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ ती मराठीत वाचीत होती आणि शेजारणीला तेलुगूत सांगत होती. आम्हांला पाहताच दोघी गप्प झाल्या. जुन्या पाटीची कीर्ती अजून वस्तीत टिकून असावी.

“बोल, बाळ,” आम्ही म्हणालो आणि ती पुन्हा बोलू लागेपर्यंत तेथेच उभे राहिलो.